क्रॅकर टॉफी दोनदा फसली, २४ तारखेच्या आत मदत हवी आहे

शलाका_इंदिरानगर

नमस्कार मंडळी, खूप दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तोही रडगाणं घेऊन. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिकडे नाताळात एक प्रकार करतात, खारट क्रॅकर बिस्किटं ट्रेमध्ये फरशी बसवल्यासारखी लावायची, त्यावर बटर आणि ब्राउन शुगरचा उकळता पाक ओतायचा, ओव्हनमध्ये ठेवायचं, बाहेर काढून वर व्हाइट चॉकलेट पसरायचं आणि दालचिनी-साखर भुरभुरायची, गार झालं की हाताने मोडून तुकडे करायचे. मागच्या वर्षी ताई आल्या तेव्हा डबा भरून आणला होता, त्या डब्यावरून आमच्या घरात खरोखर भांडणं झाली. आता आमच्या सोसायटीत २४ ला संध्याकाळी पोरांचा कार्यक्रम आहे, प्रत्येकीने काहीतरी करून आणायचंय, आणि मी मोठ्या तोंडाने सांगून बसले की मी टॉफी आणते, एकदम सोप्पी असते.

सोप्पी म्हणे. दोनदा केली, दोन्ही वेळा वाट लागली.

पहिल्यांदा काय झालं तर ताईंनी पाठवलेलं माप होतं २ स्टिक बटर, १ कप ब्राउन शुगर, ४० क्रॅकर, पाक गॅसवर ३ मिनिटं उकळायचा, मग ओव्हनमध्ये ३५० डिग्रीवर १० मिनिटं. माझ्या ओटीजीचं (छोटा विजेचा ओव्हन) बटण २५० च्या पुढे जातच नाही, मी म्हटलं त्यांचे ओव्हन मोठे असतील, लावलं २५० वर. सहाव्या मिनिटाला धूर. ते फॅरनहाइट असतं हे नवऱ्याने नंतर सांगितलं, इंजिनिअर माणूस, आधी तोंड उघडायला काय झालं होतं. कडूजहर, सगळं फेकलं.

दुसऱ्यांदा १८० वर केलं पण गॅसवर असतानाच बटर फुटलं, म्हणजे वर पिवळं तेल तरंगतंय आणि खाली साखरेचा रवाळ गोळा. तरी तसंच घोटून ओतलं. टॉफी झाली चिवट, दाताला चिकटते, सासूबाईंची कवळी... जाऊ दे, ते नाही सांगत. बिस्किटं खालून मऊ आणि वर तेलाचे डाग.

सामान सांगते: अमूलचं नेहमीचं मीठवालं बटर, १०० ग्रॅमच्या २ वड्या (स्टिक म्हणजे हीच वडी ना?), ब्राउन शुगर जाड दाण्याची, पाकिटावर डेमेरारा लिहिलंय, मोनॅको बिस्किटं, व्हाइट कंपाऊंड चॉकलेट, दालचिनी घरीच मिक्सरला फिरवलेली. ओटीजी २८ लिटरचा. थर्मामीटर नाही आणि एका टॉफीसाठी घेणारही नाही. बटर फुटू नये म्हणून काय करायचं आणि टॉफी टक्कन मोडेल अशी कशी होईल एवढंच सांगा, अजून एका बॅचचं सामान घरात आहे, त्यानंतर मी सरळ चिवडा घेऊन जाणार.

निफाडचा_गारठा

चिवडाच न्या ताई, नाशिकची इज्जत राहील. बाकी इकडे सकाळी बोटं वळत नाहीत, तुमचा ओटीजी चालू असेल तर शेकायला येतो.

सई_सातपूर

हवेत दमटपणा असेल म्हणून चिवट झाली असेल. माझी शेंगदाणा चिक्की पावसाळ्यात अशीच होते.

बटरपेपर

सई, पावसाळ्यात बरोबर आहे, साखर हवेतलं पाणी ओढून घेते. पण डिसेंबरात नाशिकला ओठ फुटतायत, हवेला कशाला दोष. पाक कमी शिजलाय, एवढंच आहे.

शलाका, मी ही टॉफी ३-४ वर्षं करतेय म्हणून सविस्तर लिहिते, वाचायला लांब वाटलं तरी वाच. आधी मापाचं. अमेरिकेतली एक स्टिक ११३ ग्रॅमची, म्हणजे दोन झाल्या २२६, तू २०० घेतलंस, ते फार काही बिघडत नाही. बिघडलंय ते पुढे. ४० क्रॅकरचा तिकडचा ट्रे केवढा असतो बघ, साधारण १० बाय १५ इंच. तुझ्या २८ लिटरच्या ओटीजीच्या ट्रेमध्ये किती मोनॅको बसले? मला वाटतं २०-२५. आणि पाक ओतलास पूर्ण ४० चा. मग थर दुप्पट जाड झाला, तो १० मिनिटांत कसा शिजणार? वरून बुडबुडे दिसतात, आत पाक कच्चाच राहतो, आणि कच्चा पाक म्हणजे चिवट टॉफी. अर्धं माप कर, ११० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम साखर. पुरलं नाही तर दोन ट्रे लाव पण एका ट्रेमध्ये सगळं कोंबू नकोस.

दुसरं, डेमेरारा. तो दाणा मोठा असतो, लवकर विरघळत नाही, तोवर बटर वितळून तापून मोकळं होतं आणि साखर त्याला धरून ठेवत नाही, मग तेल वर. साखर मिक्सरला एकदा फिरवून घे (पिठी नको करूस), जाड बुडाची कढई, मंद आचेवर बटर आणि साखर एकदमच घाल, साखर विरघळेपर्यंत घाई करू नकोस, मग आच मध्यम. मोठा गॅस अजिबात नाही. मधेच गॅस कमीजास्त करत बसलीस तरी फुटतं. आणि ३ मिनिटं मोजायची ती कढई गॅसवर ठेवल्यापासून नाही, सगळीकडून खळखळ उकळी आल्यापासून. इथे निम्म्या जणी चुकतात, मीही चुकले होते.

तरी फुटलंच तर कढई खाली उतरव, अगदी कढत पाणी एक एक चमचा घालून जोरात घोटत राहा, बहुतेक वेळा परत एकजीव होतं. पाणी घालताना तोंड लांब ठेव, फसफसून अंगावर उडतं, पोरांना किचनच्या बाहेर काढ.

आण्णा_पंचवटी

माझ्या मते बटरऐवजी साजूक तूप घ्या. तुपात पाणी नसतं त्यामुळे मऊ पडायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे सगळं तुपातच.

बटरपेपर

आण्णा, मान तुमचा, पण इथे तूप चालत नाही. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी थोडं पाणी, थोडा दुधाचा अंश असतो, त्या पाण्यात साखर विरघळते आणि त्या दुधाच्या अंशामुळे सगळं एकत्र राहतं, तो टॉफीचा खरपूस वासही त्याचाच. नुसत्या तुपात साखर खाली बसेल आणि तूप वर.

आण्णा_पंचवटी

म्हणजे मैसूरपाक बिघडल्यासारखं. समजलं.

गुळाची_भेली

माझं माहेर इगतपुरीचं, घरात दर संक्रांतीला चिक्कीचा घाणाच पडायचा त्यामुळे मला थर्मामीटर काय ते माहीतच नाही. आई वाटीत गार पाणी घेऊन बसायची, पाकाचा थेंब टाकायचा, बोटाने गोळी वळली तर अजून कच्चा, काढून वाटीच्या काठावर आपटला आणि टण्ण वाजला, दाताखाली न चिकटता कटकन तुटला की झालं. शलाकाताई तुम्ही पण तिळाची चिक्की करतच असाल की, मग हे वेगळं कुठे आहे? फक्त ह्याचा शेवटचा टप्पा गॅसवर न होता ओव्हनमध्ये होतो. म्हणून पाणी ओव्हनच्या शेजारी ठेवा. नवव्या मिनिटाला ट्रे अर्धा बाहेर ओढा, कडेचा पाक चमच्याने जरासा घ्या, पाण्यात टाका. लवला तर आत ढकला अजून २ मिनिटं. तुटला तर बास.

बटरपेपर

हे मला सुचलंच नव्हतं! मी आपली रंगावर जाते. माझ्याकडे थर्मामीटर आहे, कडक टॉफीला १५० च्या आसपास सेल्सिअस लागतं, पण ट्रेमधल्या पातळ थरात त्याची दांडी बुडतच नाही त्यामुळे तसाही निरुपयोगी. वाटीच बरी.

फक्त गॅसवरच टण्ण होईपर्यंत शिजवू नकोस शलाका, ओतायच्या आत कढईतच गोठेल आणि बिस्किटांवर पसरणार नाही.

मंदार_द_बेकर

भो, कोणी कागदाबद्दल बोललंच नाही. साधा बटर पेपर लावला तर टॉफीला असा चिकटतो की कागदासकट खावी लागते, मी खाल्लीय. बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद येतो तो घ्या, नाहीतर फॉइलला सढळ हाताने बटर चोपडा. आणि मोनॅको गोल असल्याने मधे फटी राहतात, तिकडचे क्रॅकर चौकोनी असतात म्हणून चिकटून बसतात. फटीत तुकडे भरा, नाहीतर पाक खाली जाऊन बिस्किट तळातून भिजतं. मऊ होण्याचं ते एक कारण.

ज्यू लोक त्यांच्या पासओव्हर सणाला हाच प्रकार मात्झोवर (न फुगवलेली कडक पातळ रोटी) करतात, कारण त्या दिवसांत त्यांना फुगवलेलं पीठ चालत नाही. तर चौकोनीच पाहिजे असं काही नाही, मोनॅको झकास लागतो. फक्त बटर मीठवालं आहे तेव्हा वरून मीठ घालू नका.

शलाका_इंदिरानगर

बापरे एवढं! सगळ्यांना धन्यवाद. मोजले, माझ्या ट्रेमध्ये २२ मोनॅको बसतात. म्हणजे बटरपेपर तू म्हणतेस तसंच, पाक ४० चा आणि फरशी २२ ची. आणि हो, तीन मिनिटं मी कढई ठेवल्यापासूनच मोजली होती, ते लिहायला लाज वाटली म्हणून लिहिलं नव्हतं.

डेमेरारा संपवायची का साधी साखर घेऊ? आणि दालचिनीचं कोणीच बोलत नाहीये, माझी भुरभुरली तर काड्या काड्या लागत होत्या.

गुळाची_भेली

साधी साखर १०० ग्रॅम आणि एक चमचा काकवी. ब्राउन शुगर म्हणजे तरी काय, साखर आणि मळी. पण गूळ घालू नका हं, निदान चिक्कीचा तर नकोच, तो मुळातच चिकट असतो, ओव्हनमध्ये लवकर करपतो पण.

सई_सातपूर

दालचिनीचं मी सांगते, मसाले घरीच करते. दुकानात बहुतेक जी जाड सालीची मिळते ती कॅसिया, कडक लाकडासारखी. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते ती सिलोनची, महाग, वास गोडसर. नुसत्या टॉफीवर टाकायला मला जाडच आवडते, तिखटपणा येतो. रविवार कारंज्याकडे मसाल्याच्या दुकानात बघून घ्या, तुकडा मोडून वास घ्या, वास नसेल तर ती नुसती साल. आधी तव्यावर नुसती कोमट करा, गार करून फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा, काड्या वर राहतील त्या चहात टाका. दोन मोठे चमचे बारीक साखरेला एक छोटा चमचा दालचिनी पुरे. पिठीसाखर नको, चॉकलेटवर विरघळून डाग पडतात.

बटरपेपर

आणि चिमूटभर पाकात पण घाल, गॅस बंद केल्यावर. मी तिथेच पाव चमचा खायचा सोडाही घालते, पाक फुलून हलका होतो आणि दाताला बरा पडतो, सासूबाईंसाठी हे लक्षात ठेव.

कंपाऊंड लगेच घालू नकोस, दोन मिनिटं थांब, किसून पसर, वर ताट झाक, पाच मिनिटांनी चमच्याच्या पाठीने सारखं कर. दालचिनी-साखर चॉकलेटचा थर ओला असतानाच. फ्रिजमध्ये ठेवू नकोस गं, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि सगळी मेहनत चिकट. ओट्यावरच ठेव, आत्ताच्या थंडीत दीड-दोन तासात घट्ट होते.

निफाडचा_गारठा

ओटा नसेल तर निफाडला पाठवा, वीस मिनिटांत होईल.

शलाका_इंदिरानगर

शनिवारी करणार होते पण आमच्याकडे शनिवारी सकाळी लाइट गेली ती दुपारी तीनला आली, त्यामुळे काल रविवारी केली. जसं झालं तसं सांगते.

अर्धं माप, साधी साखर आणि काकवी. बटर फुटलं नाही! म्हणजे एकदा कडेला तेल दिसायला लागलं तेव्हा माझ्या पोटात गोळा, पण गरम पाण्याचा एक चमचा घालून घोटलं आणि परत मिळून आलं. उकळी आल्यापासून ३ मिनिटं, मोबाईलवर लावून. फटीत मोनॅकोचे तुकडे भरले, १८० वर ठेवलं. नवव्या मिनिटाला वाटीत थेंब टाकला तर लवतोय, अकराव्याला जरासा लवतोय, मला वाटलं आता करपतंय, सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या अगं थांब, चिक्कीला अजून एक पाणी लागतं असं समज. बाराव्या मिनिटाला वाटीत टाकला आणि टिचला. त्यांनी तो थेंब लगेच तोंडात टाकला. कवळी जागेवर.

दुसरा ट्रे मात्र मागच्या बाजूने गडद झाला, माझा ओटीजी मागून जास्त तापतो, अर्ध्या वेळाने ट्रे फिरवायला पाहिजे होता. ते तुकडे नवऱ्याला.

आता अडचण अशी की दोन ट्रे करून डब्यात साठेक तुकडे भरले होते, काल रात्री मोजले तर सत्तेचाळीस, आणि कार्यक्रम अजून तीन दिवसांवर आहे. डबा कुठे लपवता तुम्ही लोक?

गुळाची_भेली

पोह्यांच्या डब्यात, पोह्यांच्या खाली. पण आधी टॉफी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा.

आण्णा_पंचवटी

आमच्या घरात पोह्यांचा डबा मीच उघडतो. तुरीच्या डाळीत ठेवा.