मेगा ईएक्स, ट्रॅप, रिच्युअल: खास कार्डांचे नियम तुम्हाला कोणी शिकवले?

दापोलीकर
गणपतीत गावच्या घरी सगळी मुलं जमली होती. लाईट गेलेली, पाऊस धो धो. ठाण्याच्या पुतण्याने पोकेमॉनच्या कार्डांचे दोन डेक (गठ्ठे) काढले आणि पाच मिनिटांत भांडण. त्याचा मेगा ईएक्स (खास ताकदवान पोकेमॉन) पडला, धाकटीने बक्षिसाची तीन प्राईझ कार्डं उचलली. तो म्हणे ईएक्सची दोनच! मी कार्ड टॉर्चखाली धरलं. खालच्या कडेला पट्टीत बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं, तीन. साधा पोकेमॉन पडला की एक, ईएक्सला दोन, 2025 मध्ये आलेल्या मेगा ईएक्सला तीन. सुरुवातीला प्राईझ सहाच असतात, ती उचलून संपवली की जिंकलं, म्हणजे एका फटक्यात अर्धा डाव गेला. मग तो का चिडणार नाही!

त्या पट्टीवरून शाळेतला मित्र आठवला. त्याचे बाबा बोटीवर होते, जपानहून त्यांनी खरी कार्डं आणलेली. सगळी जपानीत. हल्ल्याशेजारचा आकडा आणि एनर्जीची रंगीत चिन्हं बघून आम्ही खेळ जुळवला, पण ट्रेनर कार्डांवर (मदतीची कार्डं, पोकेमॉन नव्हे) आकडाच नाही, नुसता मजकूर. ती आम्ही बाजूला काढून ठेवायचो. काका पुढच्या सुट्टीला आले ते बोटीवरच्या एका जपानी सहकाऱ्याकडून अर्थ विचारूनच आले. प्रत्येक ट्रेनर कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात त्यांनी मराठीत चिठ्ठी घातली. प्रोफेसर ओकची चिठ्ठी मला पाठ आहे : "हातातले सगळे टाकायचे, मग सात ओढायचे." त्या दिवशी आमचा खेळच बदलला. तेव्हा सपोर्टर हा प्रकार नव्हता, एकाच पाळीत दोन ओकही चालायचे. आता प्रोफेसरचं कार्ड सपोर्टर, पाळीत एकच.

तुमचे अनुभव लिहा. कुठलाही पत्त्यांचा खेळ चालेल.

वेंगुर्ल्याची_सून
आमच्या वेळी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं! उंची, वजन, छाती, दंड, सगळीकडे मोठा आकडा जिंकणार, फक्त रँकला लहान. नवीन मुलगा आला की आधी हेच शिकवायचे. माझा भाऊ योकोझुना हातात आला की वजनच बोलायचा, दुसरं काही नाही. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते

काजूबी
योकोझुना 😄😄 आमच्याकडे तो मिळवायला कैऱ्या द्याव्या लागत

वाशिष्ठीकाठ
आमचा यु-गी-ओ, राक्षसांच्या कार्डांचा खेळ. टीव्हीवर बघून सगळे ट्रॅप (समोरच्याला अडकवायची कार्डं) लगेच उघडायचे. माझ्या ताईने कार्डावरचं इंग्रजी वाचायला घेतलं तेव्हा शिस्त लागली. मी मराठी माध्यमात, ती कॉलेजला. ती डिक्शनरी घेऊन बसायची आणि वहीत नियम लिहून द्यायची. ट्रॅप आधी उलटा ठेवायचा, ज्या पाळीत ठेवला त्या पाळीत उघडायचा नाही. क्विक-प्ले स्पेल (झटपट मंत्राचं कार्ड) आपल्या पाळीत हातातून थेट चालतो, पण उलटा ठेवला की त्यालाही तोच नियम. पाच-सहा लेव्हलचा राक्षस आणायला आपल्या एका राक्षसाचा बळी, सात आणि त्यापुढे दोन.

सगळ्यात वेळ गेला रिच्युअलवर, म्हणजे विधी करून आणायच्या राक्षसांवर. फ्युजनची जांभळी कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात राहतात म्हणून निळी रिच्युअलही तिथेच असं वर्गात सगळे समजायचे. ताई म्हणाली नाही, ती मुख्य डेकमध्येच, आणि त्याचा स्वतःचा स्पेलही हातात यायला हवा. म्हणजे दोन कार्डांची वाट बघा, वर बळी द्या. एवढं करून तो राक्षस आला की अख्खा वर्ग बाकावर उभा!

ती वही आणि कार्डं चिपळूणच्या 2021 च्या पुरात गेली. तळमजला पूर्ण पाण्याखाली होता.

दापोलीकर
अरेरे. ताईला आठवत असेल ना, परत लिहून घे तिच्याकडून

वाशिष्ठीकाठ
ती आता तिच्या मुलाला शिकवते. त्यात सिंक्रो, एक्सवायझेड, पेंड्युलम, लिंक एवढे प्रकार वाढलेत. एक्सवायझेडला लेव्हलच नसते, रँक असते, त्यामुळे लेव्हल बदलणारं कार्ड त्याला लागूच होत नाही. भाच्याने मला परवा फोनवर समजावलं

काजूबी
चिपळूणचं ऐकून वाईट वाटलं. आमच्या मामांचंही दुकान गेलं त्या पुरात. सावरलेत आता.

वाडीकर
विषय थोडा बाजूचा, पण आमच्या सावंतवाडीचा गंजिफा घ्या की! दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण 120 गोल पत्ते. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, मग एक ते दहा. आजी शिकवायची तेव्हा आधी एकच गोष्ट घोकून घ्यायची : अर्ध्या रंगांत प्रधानाखाली दश्शा मोठा, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा आणि दश्शा सगळ्यात खाली. हुकूम नाही. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, दिवेलागणीनंतर कृष्णाचा. संध्याकाळी खेळायला बसलो की आजी आधी बाहेर डोकावून उजेड बघायची आणि मग सांगायची, "आता कृष्ण."

ही कला बंद पडत आली होती. राजघराण्याने 1970 च्या दशकात ती पुन्हा उभी केली म्हणून आज राजवाड्यात चितारी बसलेले दिसतात. मुलांना घेऊन जा एकदा, पत्ता रंगवताना बघितला की तो कसाही फेकवत नाही.

वेंगुर्ल्याची_सून
वाडीकर, राजवाडा सोमवारी उघडा असता काय हो?

वाडीकर
फोन करून जावा, वेळा बदलतत.

रत्नांग्री_एक्सप्रेस
मी मॅजिक हा कार्डांचा खेळ पुण्यात हॉस्टेलला शिकलो. प्लेन्सवॉकर (साथीदार जादूगार) हा प्रकार 2007 मध्ये आला आणि आमच्या टेबलवर त्यावरून रोज वाद. क्रीचर (लढणारा प्राणी) समजून लोक त्याने हल्ला करायला बघायचे. तो क्रीचर नाही. त्याच्याकडे लॉयल्टी (गुणांचा आकडा) असते, आपल्या पाळीत एकदाच तिच्यातलं कमी-जास्त करून एक क्षमता वापरायची, शून्य झाली की तो गेला. समोरचा थेट त्याच्यावर हल्ला करू शकतो, म्हणून त्याला राखायला दुसरे क्रीचर लागतात.

पण मला सगळ्यात उपयोगी पडला तो एका सीनियरने सांगितलेला नियम : कार्डावरचा मजकूर आणि खेळाचा नियम भिडले तर कार्ड जिंकतं. हा मॅजिकचा मूळ नियमच आहे. एवढं कळलं की नवीन प्रकारचं कार्ड आलं तरी भीती वाटत नाही, वाचत जायचं. मी शिकवताना पहिल्यांदा हेच सांगतो, आणि ठाम सांगतो.

मालवणी_आई
छान धागा. माझा मुलगा पाचवीत आहे, आंगणेवाडीच्या जत्रेतून पाकिटं घेतली त्याने. पोकेमॉनची, सगळीच चमकणारी, एचपी (किती मार सोसेल तो आकडा) अवाच्या सव्वा. शेजारचा मुलगा म्हणतो खोटी आहेत. तो तीन दिवस जेवताना गप्प. कसं ओळखायचं?

दापोलीकर
ताई, मागून मोबाईलचा टॉर्च लावा. खऱ्या कार्डाच्या मधे काळपट थर असतो, उजेड फारसा येत नाही. खोट्यातून आरपार दिसतो. पोकेमॉनच्या इंग्रजी नावातल्या ई अक्षरावर तिरकी रेघ नसेल तरी समजायचं. पण त्याची टाकू नका हो, घरात खेळायला काय हरकत आहे. एचपी सोडून द्यायची आणि पाळीचे नियम पाळायचे : ट्रेनर कार्डांपैकी आयटम हवे तेवढे, सपोर्टर एक, स्टेडियम एक. डाव सुरू करणाऱ्याने पहिल्या पाळीत हल्ला नाही, सपोर्टरही नाही.

काजूबी
आणि टेरा ईएक्स (ईएक्सचाच एक प्रकार) बाकावर म्हणजे राखीव जागेत असेपर्यंत त्याला हल्ल्याचा मार लागत नाही हे पण सांगा त्याला, पोरं यावरून मारामारी करतात

मालवणी_आई
धन्यवाद. टॉर्च लावून बघितला, आरपार दिसतंय 😔 पण तीन नियम भिंतीवर लिहून लावलेत त्याने. खरी घ्यायची तर कुठून सुरुवात?

रत्नांग्री_एक्सप्रेस
आधी विकत काहीच घेऊ नका. पोकेमॉन टीसीजी लाईव्ह फोनवर फुकट आहे, सुरुवातीला तेच शिकवतं. इंग्रजीत आहे, पहिले काही डाव तुम्ही शेजारी बसा. गोडी टिकली तर तयार डेक घ्या, सुट्या पाकिटांतून 60 कार्डांचा नीट डेक जमत नाही.

वेंगुर्ल्याची_सून
आले परत. आमच्या पुतण्याची ती चमकणारी कार्डं पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकलीत, काय करायचं?

वाशिष्ठीकाठ
फॉइलची असतात ती. कागद ओल धरतो, वरचा चमकता थर धरत नाही, म्हणून वाकतात. पाकिटात घालून हवाबंद डब्यात ठेवा, नवीन बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका सोबत. वर जड पुस्तक. आणि डबा माळ्यावर ठेवा, तळमजल्यावर नको.

वेंगुर्ल्याची_सून
पुडी आहे घरात. आत्ताच ठेवते