मदत हवी आहे: औषध लावूनही लेकीच्या डोक्यात परत उवा

नमस्कार, सोलापुरातून लिहितेय. लेक तिसरीत आहे, केस कमरेपर्यंत. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले होते, तेव्हा पाच-सहा पोरी चार रात्री एकाच अंथरुणावर झोपल्या. महिनाभरानं ही सारखी मानेमागं खाजवायला लागली. उजेडात बघितलं तर कानांमागं लिखांचा नुसता थर.

दुकानातून परमेथ्रिन १ टक्का लोशन आणलं. सकाळी तेल चोपडलेलं होतंच, त्यावरच लावलं, दहा मिनिटांनी धुतलं. त्या रात्री फणीला पंधरा-वीस उवा आल्या, वाटलं सुटलो. दहाव्या दिवशी वेणी घालताना भांगातून एक बारकी ऊ चालत गेली. रिबीन हातातच राहिली माझ्या.

आता घरात ज्याचं त्याचं वेगळं. सासूबाईंचं माहेर बार्शीकडचं, त्या म्हणतात सीताफळाच्या बिया वाटून लाव. शेजारच्या मावशी म्हणतात रॉकेल. नणंद म्हणाली, सरळ गोटा करून टाका. ते ऐकून पोरगी दाराआड जाऊन रडली. शाळेतही तिला एकटीला शेवटच्या बाकावर बसवतात, ते मला फार लागलंय.

आणखी एक. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. घरात आठ सोलापुरी चादरी आहेत. एकेक भिजली की पिळायला दोघं लागतात. सगळ्या गरम पाण्यानं धुवायच्या म्हटलं तर पाणी आणायचं कुठून? कुणी यातून गेलं असेल तर नीट सांगा, प्लीज.

प्रतिसाद:
ताई, आधी बिया आणि रॉकेल दोन्ही बाजूला ठेवा. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, आणि डोकं धुताना ती डोळ्यात जातेच. रॉकेलनं कातडी भाजते, जवळ गॅस पेटता असला तर विचारूच नका. केस कापायची तर अजिबात गरज नाही.

तुमची चूक तेलात झाली. तेलकट केसांवर लोशन नीट बसत नाही. साध्या शाम्पूनं धुवायचं, कंडिशनर नाही, टॉवेलनं टिपायचं आणि ओलसर केसांवर लावायचं. दुसरं म्हणजे हे औषध ऊ मारतं, पण लिखा बऱ्याच वाचतात. लीख साधारण ७ ते १० दिवसांत फुटते आणि पिल्लू पुढं ९ ते १२ दिवसांत अंडी घालायला लागतं. म्हणून नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचंच. तुम्हाला दिसलेली बारकी ऊ म्हणजे त्या लिखांतूनच निघालेली.

खरं काम फणीचं आहे. बारीक, लांब दातांची स्टीलची फणी घ्या. फणी फिरवताना तेल किंवा कंडिशनर भरपूर चालेल, केस निसरडे होतात. बोटाएवढी बट धरायची, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. कानामागं आणि मानेवर जास्त वेळ द्या. दोन-तीन दिवसांआड, तीन आठवडे. टाळूला लागून असलेली तपकिरी लीख जिवंत असू शकते. केसावर बोटभर खाली उतरलेली पांढरी म्हणजे बहुतेक रिकामं टरफल. कोंडा झटकला की पडतो, लीख नखानं ओढावी लागते.

चादरींचं एवढं मनाला लावून घेऊ नका. डोक्यावरून पडलेली ऊ दिवस-दोन दिवसांत मरते. लेकीनं गेल्या दोन दिवसांत वापरलेली चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल तेवढं कढत पाण्यात भिजवा. बाकीचं पिशवीत बांधून दोन आठवडे ठेवा, पाणी वाचेल.

शाळेत जाऊन बाईंशी बोला. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, बहुतेक वेळा डोक्याला डोकं लागूनच जाते. पोरीला वेगळं बसवून काही साधत नाही. वर्गात आणखी चार जणींच्या डोक्यात असतीलच, त्यांच्या घरी कळवणं जास्त गरजेचं.

धागाकर्ती:
काल ओट्यावर बसवून दीड तास फणी फिरवली. फडक्यावर नऊ उवा, लिखा मोजल्याच नाहीत. मधेच ती म्हणाली, "आई, केस नाही ना कापायचे?" नाही म्हटल्यावर मान सैल सोडून बसली. सासूबाईंनी बियांची पुरचुंडी आपल्या हातानं कचऱ्यात टाकली, मला खूप बरं वाटलं. उद्या शाम्पू करून नव्यानं लोशन लावते, पुढच्या नवव्या दिवसाची कॅलेंडरवर खूण केलीय.

एकच विचारायचं राहिलं. धाकटा दीड वर्षाचा आहे, ताईच्या कुशीतच झोपतो. त्यालाही लावू का?

प्रतिसाद:
आधी त्याचं डोकं उन्हात, दाराशी बसवून फणीनं बघा. जिवंत ऊ दिसली तरच लावा, आणि लहान आहे म्हणून डॉक्टरांना विचारून. नाही दिसली तर तीन-चार दिवसांनी परत बघा. तोवर दोघांच्या उशा वेगळ्या करा.