मदत हवी आहे: कॉपीराइटची नोंदणी नाही म्हणून चित्रावरचा हक्क गेला का?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, चित्रं काढते. मागे गोदाघाटाचा एक मोठा नकाशा हाताने काढला होता, होळकर पुलापासून गाडगे महाराज पुलापर्यंत. त्यात रामकुंड, दुतोंड्या मारुती, कपालेश्वराच्या पायऱ्या, भाजीवाल्या आणि नारोशंकराची घंटा आहे. घंटेवर एक कावळा बसलाय, मान तिरकी करून. हा नकाशा इन्स्टावर टाकला होता, प्रदर्शनात ए-थ्री प्रिंटही विकल्या.

आता सिंहस्थ तोंडावर आलाय आणि एका विक्रेत्याने तोच नकाशा कापडी पिशव्या आणि डायऱ्यांवर छापून विकायला काढलाय. सही खोडली, रंग बदलले, बाकी जसंच्या तसं. विक्रेत्याचं ऑफिस पुण्यात आहे, माल इथे पंचवटीत विकला जातोय. वकिलामार्फत नोटीस पाठवली तर उलट उत्तर आलं: तुमच्याकडे नोंदणीचा दाखला नाही, त्यामुळे दावा करायचा अधिकारच नाही, घाट सगळ्यांचे आहेत, आणि पन्नासपेक्षा जास्त नग छापले गेले की कॉपीराइट संपतो.

आमचे वकील जमिनीची कामं बघतात. ते म्हणाले, आधी नोंदणी करून घ्या, मग बघू. तोवर याचा सगळा माल खपेल! नोंदणीशिवाय खरंच काही करता येत नाही का? आणि मुंबईला खेपा घालाव्या लागतील का?

पंचवटीकर:
नोंदणी लागतेच ताई. मी परवाच एका वकिलाचा व्हिडिओ बघितला. नोंदणी हातात पडल्याशिवाय कोर्ट दारात उभं करत नाही.

काळा_कोट:
पंचवटीकर, तो व्हिडिओ अमेरिकेतला असणार. तिथे तसा नियम आहे, आणि 2019 मध्ये 'फोर्थ इस्टेट' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी घट्ट केला: नुसता अर्ज केलेला चालत नाही, तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने निर्णय दिलेला असावा लागतो. तोही मुख्यतः त्यांच्या देशातल्या कलाकृतींसाठी. रामकुंडाच्या चित्राला तो लावू नका.

ताई, आपल्याकडे 1957 च्या कायद्यानुसार चित्र कागदावर उतरलं की हक्क जन्माला येतो. नोंदणी कलम 44 आणि 45 खाली होते आणि ती ऐच्छिक आहे. कलम 48 प्रमाणे रजिस्टरमधली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा धरतात. म्हणजे दाखला असला तर सिद्ध करायचं सुरुवातीचं ओझं समोरच्याच्या खांद्यावर जातं. नसला तर ते तुम्ही उचलायचं, इतकाच फरक.

समोरचा वकील हे हवेतून बोलत नाहीये, हेही सांगतो. 2012 मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने सोनल इन्फोसिस्टिम्सच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात नोंदणी सक्तीची आहे असं म्हटलं होतं. त्या निकालाने बऱ्याच लोकांना घाम फोडला. पण मार्च 2021 मध्ये संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या सोयाबीन तेलाच्या लेबलाच्या वादात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट सांगितलं की नोंदणी सक्तीची नाही, आणि 2012 चा निकाल आधीचे निकाल विचारात न घेता दिलेला असल्याने बंधनकारक धरता येत नाही. त्यातला एक मुद्दा मला फार पटतो. ट्रेडमार्कच्या कायद्यात कलम 27 आहे, नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा करता येत नाही असं सरळ लिहिलंय. संसदेला कॉपीराइटमध्ये तेच हवं असतं तर तसंच कलम घातलं असतं. घातलेलं नाही. उत्तराच्या पत्रात हा 2021 चा निकाल नावानिशी टाका.

रेघोट्या:
बाप रे, धन्यवाद काका! मग त्या पन्नास नगांचं काय?

काळा_कोट:
ते कलम 15. डिझाइन कायद्याखाली नोंदता येईल असं डिझाइन नोंदलं नाही आणि ते लावलेली वस्तू यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त वेळा निघाली, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पण ही मोजणी मालकाने किंवा मालकाच्या परवानगीने काढलेल्या नगांची. चोराने हजार पिशव्या छापल्या म्हणून तुमचा हक्क संपला, हा युक्तिवाद कागदावरच शोभतो. उद्या तुम्ही स्वतः पिशव्यांचा धंदा करणार असाल तर मात्र हे कलम तुमच्याच मानेवर बसू शकतं, त्याआधी नीट सल्ला घ्या.

घाट सगळ्यांचे हे खरंच आहे. कल्पनेवर मालकी नसते, 1978 च्या आर. जी. आनंद निकालापासून हे पक्कं आहे. त्याने स्वतः घाटावर बसून नकाशा काढला असता तर तुम्ही काही करू शकला नसता. प्रश्न मांडणीचा, रेषेचा आहे.

आता मला नोंदणीपेक्षा जास्त काळजी वाटते ती वेगळीच. हे चित्र कोणी पैसे देऊन काढून घेतलं होतं का?

रेघोट्या:
मूळ नकाशा माझ्या हौसेने काढलाय. पण नंतर त्र्यंबकच्या एका होमस्टेवाल्यांनी भिंतीसाठी तसाच काढून मागितला. त्याचे पैसे घेतले होते. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं, करार वगैरे काही नाही.

काळा_कोट:
हेच ते. कलम 17 म्हणतं की मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो केला असेल तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक काम देणारा. नकाशा हे ड्रॉइंग की पेंटिंग यावर वकील दिवसभर भांडतील. पण पिशवीवरचं चित्र त्या भिंतीवरून उचललेलं निघालं तर समोरचा पहिला प्रश्न विचारेल: बाई, तुम्ही मालक आहात का? नोंदणीचा दाखला असता तरी हा प्रश्न आलाच असता, कारण दाखला फक्त प्रथमदर्शनी पुरावा असतो, खोडून काढता येतो. दोन्ही चित्रं समोर ठेवून नीट बघा.

रेघोट्या:
बघितलं. होमस्टेवाल्यांना घंटेवर कावळा नको होता, अपशकुन दिसतो म्हणाले, म्हणून त्यांच्या भिंतीवर तिथे पोपट आहे. पिशवीवर कावळा आहे. मान तिरकी, आणि डाव्या पायाला माझी पेनाची रेघ जराशी निसटलीय, तीसुद्धा तशीच्या तशी.

चहा_कमी_साखर:
कावळ्याने साक्ष दिली 😄

काळा_कोट:
झकास. घंटा सगळ्या नाशिकची, पण निसटलेली रेघ तुमचीच. हे दोन फोटो शेजारीशेजारी लावून नोटिशीच्या उत्तराला जोडा. मूळ कागद जपून ठेवा, स्कॅनची पहिली फाइल तारखेसकट ठेवा, फॉरवर्ड केलेली नको. इन्स्टाची पोस्ट काढू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील. तारखेचा पुरावा म्हणून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने चित्र पाठवायचा सल्ला कुणीतरी देईलच, त्यात वेळ घालवू नका.

नोंदणीचा अर्ज समांतर करायला हरकत नाही. ऑनलाइन होतो, चित्राला 500 रुपये. मालावर वापरायच्या चित्राला 2000, वर ट्रेडमार्क रजिस्ट्रारचा दाखला. मात्र हक्काबद्दल वाद घालणाऱ्याला अर्जाची सूचना द्यावी लागते, म्हणजे या विक्रेत्यालाही. हरकतीसाठी 30 दिवस थांबतात, आणि तो हरकत घेणार हे धरून चाला. भांडण पेटल्यावर काढलेल्या दाखल्याचं वजनही तसं बेताचंच. म्हणून त्याची वाट बघत दावा अडवून ठेवू नका.

मुंबई नको. कलम 62 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा टाकता येतो, शिवाय माल इथेच विकला जातोय. दावा व्यावसायिक स्वरूपाचा ठरला तर आधी मध्यस्थीला जावं लागतं, पण तातडीचा मनाई हुकूम मागत असाल तर ती पायरी गाळता येते. सिंहस्थाच्या खरेदीचा हंगाम हेच तातडीचं कारण.

पंचवटीकर:
मी व्हिडिओ मागे घेतो 🙏 पण पोलिसात नाही जायचं का? फौजदारी गुन्हा आहे ना?

काळा_कोट:
आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 63, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि 2022 मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र, अजामीनपात्र धरला. पण 'जाणूनबुजून' हे दाखवावं लागतं. मी आधी मनाई हुकूम घेईन. तुमची नोटीस मिळाल्यावरही विक्री चालू असेल तर 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय त्याला राहिलेली नाही. फेसबुकवर नाव घेऊन चोर म्हणू नका, आणि नुसत्या धमक्या देत बसू नका. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम 60 खाली तोच तुमच्यावर दावा करू शकतो.

रेघोट्या:
समजलं काका. सोमवारी आमच्या वकिलांना घेऊन बसते. पिशवी एका मैत्रिणीने आणून दिलीय, बिल नाहीये.

पंचवटीकर:
ताई, मी रोज तिकडूनच जातो. उद्या एक पिशवी आणि एक डायरी घेतो, दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं पक्कं बिल मागून. पैसे यूपीआयनेच देतो.

काळा_कोट:
बिलावर 'कापडी पिशवी' एवढंच नको, चित्राचं वर्णनही लिहून घ्या. आणि मैत्रिणीची पिशवीसुद्धा टाकू नका, धुऊ तर अजिबात नका.