मदत हवी आहे: इंदूर ते पुणे ईव्हीने, चार्जिंग कुठे करावं?

मंडळी नमस्कार, पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे पुण्याला, आणि यंदा ट्रॅव्हल्सची बस सोडून आपल्याच नेक्सॉन ईव्हीने जायचं ठरलंय, सोबत आई-बाबा. साधारण ६०० किमी, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव करत. जाताना मानपूरकडचा घाट उतारावर आहे, रीजनने (उतारावर वेग कमी करताना मोटर बॅटरी चार्ज करते ते) थोडी बॅटरी परत मिळेलच, पण येताना तोच चढायचा, वर चार माणसं, एसी आणि आईच्या पापड-लोणच्याच्या पिशव्या (त्या कमी होणार नाहीत, सांगून बघितलंय).

ॲपवर सेंधवा ते धुळे पट्ट्यात चार्जर दिसतात हो, पण प्रत्यक्षात चालू असतात का? ६० किलोवॅट लिहिलेलं असतं आणि दोन गाड्या लागल्या की निम्माच स्पीड, असं कुणाला झालंय का? ८० टक्क्यांनंतर चार्जिंग रेंगाळतं म्हणून तिथेच काढून पुढे निघायचा विचार आहे. बाबांना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे चार्जरजवळ बसायला सावली आणि धड टॉयलेट हवंच, हॉटेल फॅन्सी नसलं तरी चालेल.

आणि धुळ्यानंतर नाशिकवरून जावं की मनमाड-शिर्डीवरून? नुकतंच कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.