स्टेकआउट, चेनेज, ऑफसेट: मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्दाची अडचण आहे. फील्ड कंट्रोलरवर (सर्व्हेच्या मशीनला जोडलेला हातातला छोटा कॉम्प्युटर) लाइन आणि कर्व्ह स्टेकआउट, म्हणजे नकाशातल्या जागा जमिनीवर खुणेने दाखवणं, कसं करायचं याच्या नोट्स मराठीत लिहायला घेतल्यात. वाचणारी म्हणजे आजवर पोल (मोजणीची उभी काठी) धरणारी, खुंट्या ठोकणारी आणि आता हळूहळू कंट्रोलर हातात घेणारी मुलं, त्यामुळे पुस्तकी भाषा नको आणि अर्धवट अर्थही नको. पण सुरुवातीलाच गाडी अडली, स्टेकआउटला म्हणायचं काय? सीमांकन, रेखांकन, आखणी असे तीन शब्द सुचवले गेले. सीमांकन म्हणजे हद्द दाखवणं, आणि आपण तर पुलाच्या खांबाचं सेंटरसुद्धा जमिनीवर दाखवतो, त्याचा हद्दीशी काय संबंध? रेखांकन म्हटलं की प्लॉट पाडलेला नकाशा डोळ्यासमोर येतो. आखणी त्यातल्या त्यात जवळचा, पण 'रस्त्याची आखणी' म्हणजे रस्ता कुठून न्यायचा ते ठरवणं, ते सगळं कागदावरचं काम, आणि आपल्याला हवंय ते ठरलेलं जमिनीवर उतरवणं. शिवाय स्टेशन, चेनेज (लाइनवरचं सुरुवातीपासूनचं अंतर), ऑफसेट (लाइनपासून काटकोनात बाजूचं अंतर) हे तसेच ठेवायचे की त्यांनाही मराठी शोधायचं?

प्रतिसाद:

नाम शोधत बसू नका, क्रियापद धरा. साइटवर कुणी स्टेकआउट करणे म्हणतच नाही हो, म्हणतात पॉइंट देणे, लाइन देणे, लेव्हल (उंची) देणे. आणि त्याच्या उलट काम, म्हणजे जमिनीवर जे आहे ते मोजून फाइलमध्ये आणणं, त्याला म्हणतात पॉइंट घेणे. 'झाडाचा पॉइंट घेतला का?' आणि 'कॉलमचा पॉइंट दिला का?' यात एका शब्दाने अख्ख्या कामाची दिशा कळते, जमिनीकडून कागदाकडे की कागदाकडून जमिनीकडे. इतकी स्वच्छ जोडी असताना नवा संस्कृत शब्द घडवायची गरजच नाही. नोट्सच्या मथळ्याला 'आखणी' चालेल, पण आतल्या वाक्यांत देणे-घेणेच ठेवा.

अजून एक, सॉफ्टवेअरमध्ये लाइन स्टेकआउटचे जे दोन मुख्य पर्याय येतात ना, तेही याच क्रियापदाने सुटतात. एकात कंट्रोलर फक्त लाइनपासून तुम्ही काटकोनात किती लांब आहात ते सांगतो, लाइनवर कुठेही उभं राहिलात तरी चालतं, हे झालं 'लाइन देणे', कुंपणाची सरळ दोरी लावायला एवढं पुरतं. दुसऱ्यात ठरलेल्या चेनेजला ठरलेला ऑफसेट धरून एकच एक जागा येते, ते 'लाइनवरचा पॉइंट देणे'. कुंपणाचे खांब दर ३ मीटरवर पाहिजेत तर हा दुसरा लागणार. मुलं अडकतात ती इथेच, पहिला पर्याय उघडून बसतात आणि ऑफसेट शून्य दिसला की खुंटी ठोकतात, चेनेज भलतंच असतं.

प्रतिसाद:

वरच्यांचं देणे-घेणे एकदम पटलं. चेनेज मात्र चेनेजच ठेवा, 'स्टेशन' हा शब्द नोट्समध्ये शक्यतो येऊच देऊ नका कारण त्याचे तीन अर्थ एकाच वाक्यात येऊन आदळतात: कोन आणि अंतर मोजणारं मशीन म्हणजे टोटल स्टेशन, मशीन ज्या पॉइंटवर उभं आहे ते स्टेशन, आणि लाइनवरचं सुरुवातीपासूनचं अंतर तेही स्टेशन. 'स्टेशनपासून स्टेशन २० घे' असं कुणी म्हटलं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? मी तर मशीन, मशीनची जागा आणि चेनेज असे तीन वेगळे शब्द वापरतो.

चेनेज हा शब्द साखळीवरून आला हे सगळ्यांना माहीत असेलच, एडमंड गुंटर यांनी १६२० साली ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी आणली, अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो. साखळी गेली तरी शब्द राहिला, आणि मराठीत 'साखळी क्रमांक' असंही लिहिलेलं सापडतं, ते चुकीचं नाही पण बोलण्यात कुणी वापरत नाही.

लिहिताना एक काळजी घ्या, मधलं अधिकचं चिन्ह म्हणजे बेरीज नव्हे. मीटरमध्ये बहुतेक वेळा १+२३४.५०० म्हणजे १ किलोमीटर २३४.५ मीटर, पण फुटांच्या पद्धतीत दर १०० फुटांचं एक स्टेशन धरतात त्यामुळे १२+३४.५० म्हणजे १२३४.५ फूट. कंट्रोलरची सेटिंग कोणती आहे ते बघूनच वाचायचं.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार, देणे-घेणे घेतलंच! आता डावं-उजवं. कंट्रोलरवर 'डावीकडे २.३५' दिसतं तेव्हा एक जण म्हणतो मी डावीकडे जायचं, दुसरा म्हणतो मी आत्ता डावीकडे आहे म्हणजे उजवीकडे जायचं. मराठीत हे कसं लिहू की शंकाच राहणार नाही?

प्रतिसाद:

ताई, इथे शब्द एक आणि अर्थ दोन आहेत, ते आधी वेगळे करा. ऑफसेटचं डावं-उजवं लाइनचं असतं, माणसाचं नाही. चेनेज ज्या बाजूला वाढतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग डाव्या हाताला जे ते डावं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उजवा ऑफसेट अधिक आणि डावा ऑफसेट उणे येतो. म्हणजेच लाइन बनवताना ए पॉइंट आधी निवडला की बी आधी यावर सगळं ठरतं, क्रम उलटा झाला तर लाइन जागच्या जागी राहते पण नाल्याची भिंत पलीकडच्या बाजूला जाते. म्हणून नोट्समध्ये 'ए ते बी लाइन' न लिहिता 'ए पासून बी कडे' लिहा, मराठीतल्या त्या 'पासून' आणि 'कडे' मध्ये दिशा आपोआप येते.

'जा' चं डावं-उजवं वेगळं, ते चालणाऱ्याचं असतं. त्यातही टोटल स्टेशनवर काम असेल तर मशीनवाल्याचं तोंड पोलकडे आणि पोलवाल्याचं मशीनकडे, एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये कुणाच्या नजरेने दाखवायचं ही सेटिंग असते ती आधी तपासायची. लिहिण्यासाठी माझी सूचना: जागा सांगताना 'डावा ऑफसेट २.३५', हालचाल सांगताना 'डावीकडे सरका'. नुसतं 'डावीकडे २.३५' असं क्रियापदाशिवाय कुठेच लिहू नका. पुढे-मागेसाठी तर 'मशीनकडे या', 'मशीनपासून लांब जा' असंच लिहिलेलं बरं.

प्रतिसाद:

कर्व्हबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय, कारण खरी गंमत तिथे आहे आणि मराठी शब्दही तिथेच भरपूर आहेत. शाळेत शिकलेले त्रिज्या, जीवा, कंस, स्पर्शिका हे शब्द बिनधास्त वापरा, मुलांना ते येतात. आणि जो शब्द शाळेत सहसा येत नाही पण फील्डवर रोज लागतो तो म्हणजे शर. कंसाला जुना शब्द चाप म्हणजे धनुष्य, जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचं अंतर म्हणजे शर, दोरीवर लावलेला बाण. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये, व्यास आणि जीवा दिली तर शर कसा काढायचा याचा नियम आहे. इंग्रजी पुस्तकात मिड-ऑर्डिनेट म्हणतात तो हाच.

याचा उपयोग बघा. २०० मीटर त्रिज्येच्या कर्व्हवर दर २० मीटर चेनेजला खुंट्या दिल्या. दोन खुंट्यांमधलं टेपने मोजलेलं सरळ अंतर म्हणजे जीवा येते १९.९९२ मीटर, फरक जेमतेम ८ मिलीमीटर, म्हणून सगळ्यांना वाटतं की झालं काम. पण त्या दोन खुंट्यांना दोरी ताणून चुना मारला तर मधोमध शर निघतो २५ सेंटीमीटर! म्हणजे लांबी जुळली तरी कर्व्ह तिथे नाहीच. त्रिज्या ५० मीटर असेल तर तोच शर जवळजवळ १ मीटर होतो. हिशोब सोपा, जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. वर्ग असल्यामुळे खुंट्यांचं अंतर निम्मं केलं की शर पाव होतो, २०० च्या त्रिज्येला ५ मीटरवर खुंट्या दिल्या की दीड सेंटीमीटरच्या आसपास येतो, मग दोरी चालते. 'कंसावर २० मीटर' आणि 'जीवेवर २० मीटर' हे नोट्समध्ये वेगळं लिहायलाच पाहिजे, नुसतं '२० मीटरवर' लिहून भागणार नाही.

वळणाचं डावं-उजवं हे आणखी तिसरं. दोन टोकं आणि त्रिज्या एवढंच दिलं तर कंस दोन्ही अंगाला बसू शकतो, शिवाय लहान कंस की मोठा तेही राहतं, म्हणून कंट्रोलर विचारतो डावं वळण की उजवं. चेनेज वाढतं त्या दिशेने चालताना रस्ता उजवीकडे वळत असेल तर उजवं वळण आणि केंद्रही उजव्या हाताला. आता अशा उजव्या वळणावर उजवा ऑफसेट ५ मीटर दिला तर तो आतल्या अंगाला जातो, २०० ची त्रिज्या १९५ होते आणि चेनेज २० मीटर पुढे गेलं तरी त्या खुंट्यांमधला कंस १९.५ मीटरच भरतो, डाव्या ऑफसेटला तोच २०.५ भरतो. चेनेज नेहमी सेंटर लाइनवर मोजलेलं असतं, आपण ज्या कडेला उभे आहोत तिथलं नाही. कर्बचे दगड ऑफसेट लाइनवर बसवायचे आणि त्यांचा हिशोब चेनेजने करायचा असं केलं की दगड उरतात किंवा कमी पडतात, आणि मग सर्व्हेवाल्यावर खापर फुटतं.

प्रतिसाद:

शर! किती वर्षांनी हा शब्द वाचला, फार छान वाटलं. एक भर घालतो, कर्व्ह त्रिज्येऐवजी डिग्रीत दिलेला असेल तर आधी विचारायचं कोणती डिग्री. १ डिग्रीचा कर्व्ह म्हणजे ठरावीक लांबीच्या कंसाने केंद्राशी १ अंशाचा कोन करणं, पण ती लांबी ३० मीटर धरली तर त्रिज्या १७१८.८७ मीटर, २० मीटर धरली तर ११४५.९२ मीटर, आणि १०० फूट धरली तर ५७२९.५८ फूट. काही ठिकाणी कंसाऐवजी जीवा धरतात तेही आहे. म्हणून मी म्हणेन नोट्समध्ये फक्त त्रिज्याच ठेवा. सरळ रस्ता आणि कर्व्ह यांना जोडणाऱ्या ट्रान्झिशनला 'संक्रमण वक्र' म्हणतात, तिथे त्रिज्या जागोजागी बदलते, त्यावर वेगळी नोट लिहा, यात कोंबू नका.

मूळ प्रश्नकर्ता:

सगळं उतरवून घेतलंय. शेवटचा एक शब्द राहिला, कट आणि फिल. खोदाई आणि भराव लिहिणार आहे, पण 'खोदाई ०.४५' खुंटीवर लिहिलं तर ती कुठून मोजायची?

प्रतिसाद:

पोलचं टोक जिथे टेकवलं होतं तिथून. कंट्रोलरला खुंटी माहीतच नसते, त्याला फक्त पोलचं टोक आणि डिझाइनची लेव्हल माहीत असते. पोल जमिनीवर टेकवून ०.४५ आलं आणि मग खुंटी ठोकली जी जमिनीच्या वर ३० सेंटीमीटर राहिली, तर खुंटीवरून खोदाई झाली ०.७५. मजूर टेप लावणार खुंटीच्या वरच्या टोकालाच, त्यामुळे ठोकून झाल्यावर पोल परत खुंटीवर टेकवून नवा आकडा घ्यायचा आणि तोच लिहायचा. वाक्य असं लिहा: 'माथ्यापासून खोदाई ०.७५'. खुंटीच्या वरच्या टोकाला माथा म्हटलं की बाणाची खूण करायलाही लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

माथा घेतला. आणि भराव माथ्याच्या वर गेला तर 'माथ्यावर भराव ०.२०', बरोबर ना?

प्रतिसाद:

बरोबर. पण 'माथ्यावर' ऐवजी 'माथ्यापासून वर' लिहा, नाहीतर २० सेंटीमीटरचा ढीग खुंटीवर रचून मोकळे होतील.