लिव्हरचा कॅन्सर पुरुषांनाच जास्त का? सगळं खापर दारूवर फोडू नका

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्याकडे कुणाला लिव्हरचा कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "घेत होता का?" घेत नसेल, तर "चोरून घेत असणार" म्हणून लोक मोकळे. जगभर हा आजार बायकांपेक्षा पुरुषांत दुपटी-तिपटीने दिसतो, आणि तो सगळा फरक दारूच्या हिशोबात बसत नाही. उंदीर काही गुत्त्यावर जात नाहीत. तरी कॅन्सर करणारं तेच रसायन नर-मादी पिल्लांना टोचलं की नरांच्या यकृतात गाठी कितीतरी जास्त येतात. नरांचे वृषण काढले तर गाठी घटतात, माद्यांची अंडाशयं काढली तर वाढतात. 2007 साली कॅलिफोर्नियातले संशोधक मायकेल करीन यांच्या गटाने त्यामागचा एक धागा शोधला. यकृताला इजा झाली की तिथल्या कुप्फर पेशी (यकृतातल्या राखणदार पेशी) आयएल-6 नावाचा सूज वाढवणारा पदार्थ सोडतात, आणि इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन त्याला आवर घालतं. आयएल-6 चं जनुकच काढलेल्या उंदरांत नर-मादीतला फरक जवळपास मिटला.

हे इथे काढायचं कारण जिम. आपल्या जिल्ह्यात पोरं 'सायकल चालू आहे' असं उघड सांगतात, आणि ती सायकल दोन चाकांची नसते, स्टिरॉइडच्या कोर्सची असते. बाहेरून घेतलेलं पुरुषी हार्मोन यकृतावर काय करतं, ते कुणी बोलत नाही.

मिरज_लॅबवाला
उंदरांचं बरोबर सांगितलंत, निष्कर्ष मात्र घाईचा. इस्ट्रोजेन, अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) यांचा एवढा हात असता तर हार्मोनवरच्या औषधांनी पेशंटना फायदा दिसायला हवा होता. इस्ट्रोजेनवरचं टॅमॉक्सिफेन देऊन पाहिलं, आयुष्य वाढलं नाही. अँड्रोजेन अडवणारी औषधंही वापरून झाली, तीही फुकट. माणसात दारू, तंबाखू, सुटलेलं पोट, हिपॅटायटिस, सगळंच पुरुषांत जास्त. त्यातून हार्मोन वेगळं काढणार कसं?

कृष्णाकाठ
हिपॅटायटिस बी वेगळं काढताच येत नाही, तीच तर गंमत. त्या विषाणूच्या डीएनएवर अँड्रोजेन रिसेप्टरला (पेशीतलं अँड्रोजेन पकडणारं प्रथिन) चिकटायला जागा आहे. तो चिकटला की विषाणूच्या नकला वाढतात. वर विषाणूचं एक्स प्रथिन त्याच रिसेप्टरला आणखी जोर देतं. म्हणजे एकमेकांना पाणी घालणं चालू. आणि गाठ पिकल्यावर दिलेलं औषध चाललं नाही, एवढ्यावरून गाठ धरताना हार्मोनचा हात नव्हता असं कसं म्हणता?

मिरज_लॅबवाला
हे मान्य. पण 2012 चं पेनसिल्व्हेनियातलं कामही बघा. उंदरांच्या यकृतातली फॉक्स-ए1 आणि फॉक्स-ए2 ही दोन प्रथिनं काढली तर चित्र उलटतं, माद्यांनाच गाठी जास्त. हार्मोन काय करणार ते शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. म्हणून मी बाळाच्या पहिल्या दिवसाच्या हिपॅटायटिस बी लशीबद्दल बोलेन. तैवानने 1984 ला बाळांना ही लस सुरू केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर घटला. मुलगा-मुलगी दोघांनाही उपयोगी. तुमच्या धाग्यातून घरच्यांनी नेमकं करायचं काय?

कोरेगावची_काकी (सातारा)
दादा, मला वेगळीच भीती. हे वाचून बायका निर्धास्त व्हायच्या, "आपल्याला काय, आपलं हार्मोन राखण करतंय." पाळी गेली की ती राखणही ओसरते. माझ्या जावेला पन्नाशीनंतर शुगर आली, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. तिने आयुष्यात थेंब घेतला नाही. तो कागद कपाटात घडी करून ठेवलाय, कारण "बाईमाणसाला कुठं होतंय ते!" आणि इस्ट्रोजेन एवढं सोवळं असतं तर गर्भनिरोधक गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांना यकृतात अ‍ॅडेनोमाच्या गाठी का होतात?

कृष्णाकाठ
काकी, अ‍ॅडेनोमा बहुतेक साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते. तीच गाठ पुरुषात आली तर कॅन्सरकडे वळायची भीती जास्त, म्हणून पुरुषाची लहान असली तरी काढतात. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो.

कोरेगावची_काकी (सातारा)
जाऊ दे की तुमच्या बाजूने! माझ्या जावेचा कागद अजून कपाटातच आहे.

पिवळं_सोनं
रोज हळदीचं दूध. विषय संपला.

मिरज_लॅबवाला
सांगलीत राहून हे बोलणं पाप आहे, पण आमटीतली हळद वेगळी आणि काळी मिरी घालून कडक केलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल वेगळ्या. त्या कॅप्सूलनी लिव्हरलाच इजा झाल्याच्या केसेस नोंदवलेल्या आहेत.

भावकीतला_एक
तुम्ही हार्मोन-हार्मोन करत बसा. आमच्यात दोघे गेले, दोघेही पिणारे, दोघांचं लिव्हर आधीच सिरॉसिसने आक्रसलेलं. उद्या तिसरा म्हणेल, "दारू नव्हे, माझं टेस्टोस्टेरॉन!"

कृष्णाकाठ
दारू सोडा असंच म्हणतोय, कुणी सवलत दिलेली नाही. मला फक्त "घेत होता का" नंतर "टोचत होता का" हाही प्रश्न विचारायचाय.

विटा_फिटनेस
सर, मी गोळ्या बंद करून फक्त इंजेक्शन घेतो. मग लिव्हरला धोका नाही ना?

मिरज_लॅबवाला
गोळ्या यकृताला जास्त जड असतात, तेवढं खरं. म्हणून इंजेक्शन सुरक्षित होत नाही. अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड घेणाऱ्यांत लिव्हरच्या गाठी सापडल्यात, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय. शिवाय तुमच्या त्या कुपीत खरंच काय भरलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. हिपॅटायटिस बीची टेस्ट केलीये का कधी? एकाच कुपीत कितीजण सुई बुडवता?