मदत हवी आहे: लेकीच्या प्रोजेक्टमधलं छप्पर खचतंय
आम्ही अमेरिकेत ओमाहाला असतो, लेकीला शाळेसाठी नेब्रास्कातल्या जुन्या सॉड हाऊसचं (गवताळ मातीच्या घराचं) मॉडेल करायचंय. 1862 च्या होमस्टेड कायद्याने वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन 160 एकर मिळायची पण माळावर झाडंच नाहीत, मग लोक गवताच्या मुळांसकट जमिनीच्या पट्ट्या कापून, गवताची बाजू खाली ठेवून दोन-अडीच फूट जाड भिंती रचायचे. भिंती झाल्या आमच्या, लॉनचे तुकडे कापून (नवरा अजून बोलत नाहीये 😄). घोडं पेंड खातंय ते छपरापाशी. खरी छपरंही गळायचीच, वरून माती आणि कधी साप पडायचे म्हणून आत मलमलीचं कापड ताणून बांधायचे! आमच्या छपराच्या काड्या वरच्या ओल्या मातीने मधोमध वाकतायत. गावाकडे धाब्याचं घर बांधताना कुणी पाहिलंय का? मधे तुळई टाकू की मातीचा थर पातळ करू? शुक्रवारी द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.